बायकांच्या बाजूचा कॉम्प्युटर

मल्लावी, इजिप्त, २१ जानेवारी २००९

प्रिय नसीफ,

आपल्या चर्चचा कॉम्प्युटर मेला. मारला म्हणू या. अबूना बिसंतींनी मारला, तोही आशीर्वाद देता देता.

गितासची, बाप्तिस्म्याच्या सणाची प्रार्थना संपली आणि अबूना पाणी शिंपडायला निघाले. त्यांचा हात तुला माहीत आहे. बाकीचे पाद्री शिंपडतात, आपले अबूना उसाला पाणी देतात. पुरुषांच्या बाजूला दोन शिंतोडे उडवले, आणि आमच्या बाजूला बायका "इकडे अबूना, इकडे!" करून नाचतात म्हणून ओंजळीच्या ओंजळी. मी कॉम्प्युटरवर शाल टाकली, आडवी झाले, ओरडले, "अबूना, वीज आहे!" ते म्हणाले, "मुली, देवाचं पाणी आहे, काही होत नाही." झालं. आतून कांदा करपल्यासारखा वास आला आणि पडद्यावरचं स्तोत्र अर्ध्यात विझलं.

आता समिती नवा घेणार. कुठला घ्यायचा हे कोण ठरवणार? मी नऊ वर्षं तो चालवते. शाळेत पोरांना कॉम्प्युटर मीच शिकवते. पडद्यावरची एकूण एक प्रार्थना मी टाइप केली आहे, एका रकान्यात आपली जुनी कॉप्टिक, दुसऱ्यात अरबी अर्थ, आणि ज्यांना कॉप्टिक वाचता येत नाही त्यांच्यासाठी तिसऱ्यात अरबी अक्षरांत कॉप्टिक उच्चार. पण ते सगळं गेलं तेल लावत. समितीचे डॉक्टर लमई म्हणाले, "आपण अभियंता नसीफला विचारू, तो कुवेतला असतो." कुवेतला असणं ही पदवी आहे हे मला माहीत नव्हतं.

ते तुला लिहितील. तू एकच सांग. टेबलावरचा घ्या, मोठ्या डब्याचा, जड, हलवायला दोन माणसं लागतील असा. लॅपटॉप नको. माझं टेबल बायकांच्या बाजूला पहिल्या खांबाशी आहे, आईच्या बाकाला लागून. कॉम्प्युटर तिथेच राहिला पाहिजे आणि त्याच्यासमोर मी. तू शहाणा आहेस, जास्त लिहीत नाही.

आई बरी आहे. सणाच्या अळकुड्या तिनेच केल्या. तुझ्या नावाची वाटी बाजूला काढून ठेवली आणि मग मलाच खायला लावली. फोन जरा कमी कर, बोलताना तिला दम लागतो. मेल लिहीत जा, मी वाचून दाखवते.

तुझी ताई,
इस्तिर

&nbsp;

कुवेत, २ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र वाचून खूप हसलो. अबूनांचं पाणी म्हणजे अबूनांचं पाणी!

डॉक्टर लमईंचा मेल आला होता, मी सविस्तर उत्तर दिलं. ताई, रागावू नकोस, पण तुझा सल्ला दहा वर्षांपूर्वीचा आहे. आज कोणी डबा घेत नाही. लॅपटॉपला बॅटरी असते, वीज गेली तरी पडदा चालू. जागा कमी लागते, आवाज नाही, प्रार्थना झाली की पिशवीत घालून कपाटात. इथल्या चर्चमध्ये तोच आहे. शाळेतल्या जुन्या मशीनची तुला सवय झाली आहे, म्हणून नव्याची भीती वाटते. दोन दिवसांत हात बसेल, मी शिकवीन.

आणि एक गंमत. तो मीच देणार आहे, बाबांच्या स्मरणार्थ. प्रार्थना सुरू होण्याआधी पडद्यावर येईल, "कै. मिखाईल यांच्या स्मरणार्थ, पुत्र अभियंता नसीफ याजकडून." अबूनांना फार आवडलं.

तू फोन करू नको म्हणतेस, पण मला राहवत नाही. शुक्रवारी आईशी बोललो. तिला विचारलं, लॅपटॉप देऊ ना? म्हणाली, "हो रे बाळा, देव तुझं भलं करो." दमबिम काही लागत नव्हता. तेव्हा आईचीही संमती आहे.

तुझा,
नसीफ

&nbsp;

मल्लावी, ५ फेब्रुवारी

नसीफ,

भीती? मला? ज्या मुलीने तुला पहिल्यांदा माऊस धरायला शिकवला तिला मशीनची भीती वाटते म्हणतोस तू?

बरं, तुला कारणं हवीत तर घे. उन्हाळ्यात चर्चमध्ये भट्टी असते, लॅपटॉप तापून बंद पडेल. कळफलकावर कॉप्टिक अक्षरं चिकटवायची तर किल्ल्या मोठ्या लागतात. बिघडला तर मल्लावीत डबा उघडणारे चार जण आहेत, लॅपटॉप उघडणारा एकही नाही, तो मिन्याला पाठवावा लागेल आणि तोवर आम्ही पडद्याकडे बघत बसू.

ही खरी कारणं आहेत, पण खरं कारण हे नाही. लॅपटॉप उचलता येतो. आपल्या चर्चमध्ये जे उचलता येतं ते एक दिवस तीन पायऱ्या चढून शम्मासांच्या ओट्यावर जातं. तिथे पांढरे झगे घातलेले पुरुष उभे राहतात आणि बाईने पाय ठेवायचा नसतो. मायक्रोफोन असाच गेला. मुलींच्या गायनाची पेटी अशीच गेली. माझा जुना डबा गेला नाही, कारण तो उचलताना लमईंची कंबर धरली होती.

आता कळलं? मला ते काम हवं आहे. मला नवऱ्याचं घर मिळालं नाही, त्याचं दुःख करत बसलेली नाही, पण ती खुर्ची माझी आहे. अबूनांना घाई असली की ते कुठून कुठे उडी मारतात हे मला त्यांच्या खोकल्यावरून कळतं. तिसऱ्या रकान्यामुळे उम्म बोतरोस साठाव्या वर्षी पहिल्यांदा कॉप्टिक गायली, आणि रडली. मला आणखी काही नको.

लमईंना लिही, विचार बदलला म्हणून. बाबांचं नाव डब्यावरही येतंच. माझ्यासाठी एवढं कर.

आणि आईची संमती काढू नकोस. ती फोनवर सगळ्यालाच हो म्हणते.

इस्तिर

&nbsp;

कुवेत, १७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

उशीर झाला. तुझं पत्र आलं तेव्हा लॅपटॉप घेऊन झाला होता, आणि इथला माझा मित्र समीर गावी निघालाच होता, त्याच्या हाती पाठवून दिला. तो पोचलाही असेल. चांगला आहे, उगाच तोंड वाकडं करू नकोस.

तू फार पुढचा विचार करतेस. तुला कोण काढणार? तुझ्याशिवाय त्यांना येतं काय? लमईंनी फक्त जागेबद्दल विचारलं. प्रोजेक्टर ओट्याच्या वर टांगला आहे, बायकांच्या बाजूने वायर आणली तर तीस मीटर जाते, चित्र फिकट दिसतं. ओट्यावरून पाच मीटर. मी सांगितलं, तांत्रिकदृष्ट्या ओटाच बरोबर. यात बाई-पुरुषाचा काय संबंध? हा वायरचा प्रश्न आहे.

तुझं काहीतरी ते बघतीलच. अबूना तुझं किती कौतुक करतात.

नसीफ

&nbsp;

मल्लावी, ९ मार्च

अभियंता नसीफ यांस,

वायरचा प्रश्न सुटला. चित्र आता फार स्वच्छ दिसतं. मी पाचव्या बाकावरून बघते.

मोठ्या उपासाच्या पहिल्या रविवारी मी नेहमीप्रमाणे लवकर गेले. माझं टेबल जागेवर नव्हतं. खुर्चीही नव्हती. खांबापाशी जमिनीवर टेबलाच्या पायांचे चार पांढरे डाग तेवढे होते. टेबल ओट्यावर, टेबलावर तुझा लॅपटॉप, त्याच्यासमोर डॉक्टर लमई, पांढऱ्या झग्यात, गळ्यात लाल पट्टा, बोटं अशी धरलेली की औषधाच्या गोळ्या मोजतायत.

मी पायऱ्यांशी जाऊन थांबले. चढले नाही. इतकी वर्षं अंगात मुरलेलं पायाला एकदम सुटत नाही. म्हटलं, "डॉक्टर, हे काय?" ते म्हणाले, "मिस इस्तिर, तुमचे फार उपकार. आता तुम्ही आराम करा. तुमच्या भावानेच सांगितलं, तांत्रिकदृष्ट्या हीच जागा बरोबर." तुझा शब्द न् शब्द पाठ केला होता माणसाने. स्तोत्र मात्र अजून पाठ नाही.

मग म्हणाले, "तेवढ्या तुमच्या फाइल द्या." तेवढ्या! नऊ वर्षांच्या प्रार्थना, वर्षाचा प्रत्येक सण, प्रत्येक उपास, आनंदाची चाल वेगळी, दुःखाची वेगळी. गरज सरो आणि वैद्य मरो, पण मरताना वैद्याने औषधाची पेटी ठेवून जावं.

मी दिल्या, प्रत माझ्या पिशवीतल्या पेनड्राइव्हवर होती. देणार नव्हते. त्या क्षणी ठरवलं होतं की देणार नाही, बसा म्हणावं कोऱ्या पडद्यासमोर. पण मागे उम्म बोतरोस चष्मा पुसत बसली होती. तिला कशाला उपाशी ठेवू?

अबूनांकडे गेले. एकदा कबुलीजबाबाच्या वेळी, एकदा घरी. पहिल्यांदा म्हणाले, "मुली, सेवेत मोठेपणा शोधू नये." दुसऱ्यांदा म्हणाले, "उपासात राग करू नये." नसीफ, मी मोठेपणा मागितला नव्हता, खुर्ची मागितली होती, आणि तीही लाकडी, एक पाय आखूड असलेली, खाली पुठ्ठा घालून मी सरळ केलेली!

आणि दर रविवारी सगळ्यात आधी पडद्यावर तुझं नाव येतं. मिखाईलला एकच अपत्य होतं असं वाटतं वाचून. आई तर तुझ्या जन्मापासून 'उम्म नसीफ'च, नसीफची आई. मी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, पण तू जन्मलास आणि आईला नाव मिळालं. त्याचा मला कधी राग आला नव्हता. आता येतो.

इस्तिर

&nbsp;

कुवेत, ११ मार्च

ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनदा उत्तर लिहून पुसलं. आता चौथ्यांदा जे येईल ते लिहितो.

मी चर्चला एक वस्तू दिली. बाबांच्या नावाने दिली. त्यात मी काय गुन्हा केला? इथे दिवसभर दुसऱ्यांच्या शिव्या खाऊन, सुट्टीच्या दिवशी मल्लावीच्या वायरची लांबी काढत बसलो, आणि घरच्या माणसाकडून हे ऐकायचं? चर्च तुझ्या मालकीचं आहे का? नऊ वर्षं केलंस, आता दुसऱ्याने केलं तर आकाश कोसळतं का? खुर्ची ती खुर्ची. दुसऱ्या खुर्चीवर बस. तुला काम नको आहे ताई, तुला लोकांनी "मिस इस्तिर, मिस इस्तिर" करायला हवं आहे.

लमईंशी बोललो. ते म्हणतात सगळं सुरळीत चालू आहे. आईशीही बोललो, तिला विचारलं, चर्चमध्ये सगळं ठीक ना? ती म्हणाली, "हो रे बाळा, देव तुझं भलं करो." तिची तर काही तक्रार नाही. तूच घरात तोंड फुगवून बसत असशील, त्याचा तिला त्रास होतो, एवढं लक्षात घे.

नसीफ

&nbsp;

कुवेत, २९ मार्च

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे, मी जरा जास्त बोललो. पण तूही कमी बोलली नाहीस. आई कशी आहे तेवढं तरी लिही. फोनवर ती पाच वाक्यांपलीकडे जात नाही.

नसीफ

&nbsp;

मल्लावी, १४ एप्रिल, दुःखाच्या आठवड्याचा मंगळवार

नसीफ,

तुला लिहिणार नव्हते. पण झावळ्यांच्या रविवारी जे झालं ते तुला लमईंच्या तोंडून कळायला नको. ते सांगतील सगळं सुरळीत झालं.

गर्दी तुला माहीत आहे, वर्षात एकदा चर्चला येणारेही त्या दिवशी झावळ्या घेऊन येतात. सकाळी मिरवणूक निघाली. क्रूस पुढे, मागे सगळे शम्मास, प्रत्येक मूर्तिचित्रापुढे थांबून वेगळं वाचन. सगळे शम्मास, नसीफ! लमईही. ते तर प्रमुख, झांजा त्यांच्या हातात. मग लॅपटॉपपाशी कोण? कोणीच नाही. ओट्यावर झगेवाल्यांनीच जायचं, आणि झगेवाले मिरवणुकीत. ही गोष्ट तुमच्या एवढ्या पत्रव्यवहारात एकाही पुरुषाच्या डोक्यात आली नाही. मी झगा घालत नाही, मिरवणुकीत जात नाही, म्हणून तर नऊ वर्षं पडदा चालला!

पहिलं वाचन पडद्यावर तसंच राहिलं. थोड्या वेळाने लॅपटॉपला डुलकी लागली आणि तो आपले फोटो दाखवायला लागला. तो सुरक्षित राहावा म्हणून रोज लमईंच्या घरी जातो ना. रास अल-बर्रच्या समुद्रावर डॉक्टर लमई, कमरेला तेवढी चड्डी, हातात कलिंगडाची फोड. क्रुसाच्या बरोबर वर. पोरं खिदळली, बायकांनी शालींची टोकं तोंडाला लावली. लमई झांजा टाकून पायऱ्या चढत धावले आणि त्यांनी काहीतरी असं करून ठेवलं की आता पडदा आपणहून हलणारच नाही.

हसलास ना? मीही हसले. आता पुढचं वाच.

प्रसाद वाटायची वेळ झाली. पडद्यावर आनंदाच्या चालीतलं स्तोत्र होतं, मोठ्या अक्षरांत होसान्ना. शम्मास प्रसाद घ्यायला आत गेले. पुरुषांचं झालं, मग बायकांची रांग. मी रांगेत शेवटी होते. प्रसाद संपला, झांजा थांबल्या, खांबांवर काळं कापड चढलं आणि सगळ्या गावाची आगाऊ अंत्यप्रार्थना सुरू झाली. या आठवड्यात जो मरेल त्याला वेगळी मिळत नाही, म्हणून सगळे आपापली आधीच ऐकून घेतात. चर्चमध्ये एकदम शांत झालं. सगळ्यांच्या माना खाली. पडदा मात्र होसान्नावरच.

आणि त्या शांततेत एक आवाज गायला लागला. मोठा, फाटका, आनंदाच्या चालीत. "होसान्ना! होसान्ना!" हातातली झावळी वर हलवत.

ती आपली आई होती.

सगळं चर्च वळलं. लमई माइकमधून म्हणाले, "उम्म नसीफ, बस!" ती गातच राहिली. "अहो, कोणीतरी म्हातारीला गप्प करा!" हेही माइकमधून. लमईंच्या बायकोने तिच्या हातातली झावळी ओढली, पाती तुटली. मी प्रसाद घेऊन परत येताना अडकलेली, तोंडावर प्रसादानंतरचा रुमाल, पुढे बायकांची भिंत. मी पोचेपर्यंत ती सगळं कडवं गाऊन खाली बसली होती.

आता जे दीड वर्ष लपवलं ते सांगते. आईला ऐकू येत नाही. थोडंसुद्धा नाही. आधी डावा कान गेला, मग उजवा. डॉक्टरांनी सांगितलं, यंत्राचाही उपयोग नाही. तिने मला शपथ घातली, "नसीफला सांगू नकोस, तो नोकरी सोडून येईल." फोन आला की मी तिच्या खांद्याला हात लावते, मग ती तिची पाच वाक्यं म्हणते. "हो रे बाळा, देव तुझं भलं करो." ज्या संमतीचा तू मला दोनदा दाखला दिलास ती ही. खांद्याला हात लागला की हो म्हणायचं.

चर्चला जाणं तिने सोडलं होतं. म्हणाली, मुक्या चित्रासारखं वाटतं. म्हणून मी अक्षरं मोठी केली, टेबल तिच्या बाकाला लावून घेतलं. पडदा बघून ती सगळ्यांबरोबर गायची, आवाज वर गेला की मी गुडघ्याला गुडघा लावायची. कोणालाही कळलं नाही. तिची प्रार्थना त्या पडद्यात होती, आणि पडदा माझ्या हातात होता, आणि तो तुम्ही पाच मीटर वायरीसाठी उचलून नेलात!

त्या दिवसापासून ती काही बोललेली नाही. भाजी निवडते, अंगणात बसते. आता सगळ्या मल्लावीला कळलं. तेव्हा तुलाही कळू दे.

इस्तिर

&nbsp;

कुवेत, १५ एप्रिल

ताई,

कोणाचा राग आधी करू कळत नाही.

तुझा करतो. दीड वर्ष! मी दर शुक्रवारी एका बहिऱ्या बाईशी बोलत होतो आणि तू तिथे उभी राहून तिच्या खांद्याला हात लावत होतीस? माझी आई आहे ती! तिला मी पगारवाढीचं सांगितलं, मनातलं काय काय सांगितलं, तिने "देव तुझं भलं करो" म्हटलं आणि मी बरं वाटून झोपलो. तुझी खुर्ची गेली म्हणतेस. माझं काय गेलं याचा विचार केलास? शपथ होती म्हणे! असल्या शपथा मोडायच्या असतात.

आणि माझा राग येतो, तो लिहीत नाही.

अबूनांना फोन केला. चांगलं तासभर बोललो. लमईंना केला, त्यांच्याशी बोललो असं म्हणत नाही, ओरडलो. म्हटलं, माझ्या आईवर माइकमधून ओरडलात, तो लॅपटॉप मी दिला आहे, एक तर जिथे माझी बहीण सांगेल तिथे जाईल नाही तर समीर येऊन घेऊन जाईल. दोघांनी माफी मागितली. तीस मीटरची वायर मी पाठवतोय, चित्र फिकट दिसलं तर दिसू दे. पुनरुत्थानाचा सण झाला की टेबल तुझ्या जागी. सगळं मार्गी लावलं आहे ताई. आता तरी हस.

पुढच्या महिन्यात येतो.

नसीफ

&nbsp;

मल्लावी, २१ एप्रिल

नसीफ,

पुनरुत्थानाच्या शुभेच्छा. काल वसंताचा सण होता, घरभर खारवलेल्या माशाचा वास आहे.

काल अबूना आले, मागून लमई, हातात कहकच्या बिस्किटांचा डबा. अबूना बसले, चहा घेतला, म्हणाले, "चल मुली, तुझी खुर्ची ठेवली आहे. नसीफ बोलला माझ्याशी." मी म्हटलं, "अबूना, मी तुमच्याकडे दोनदा आले होते. हेच बोलले होते." ते म्हणाले, "तेव्हा तू रागात होतीस. नसीफने समजावून सांगितलं." तू लमईंवर ओरडलास ते समजावणं. मी पायरीशी उभी राहून विचारलं तो राग.

म्हणजे बघ. तुझ्या पत्राने मला काढलं आणि तुझ्या फोनने बसवलं. माझी नऊ वर्षं दोन्हीकडे मोजली गेली नाहीत. उद्या तुझं आणि लमईंचं पुन्हा गोड झालं, की मी पुन्हा पाचव्या बाकावर. आणि तू मला हसायला सांगतोस! खुर्ची घेणार आहे, ती माझीच आहे. पण तुझे आभार मानायला सांगू नकोस, माझ्या तोंडून निघणार नाहीत.

आईबद्दल लपवलं त्याचा तुझा राग बरोबर आहे. तो मी सोसेन. बाकीचा तू सोस.

आई मागे उभी राहून हे वाचते आहे. पडद्यावरची अक्षरं तिला दिसावीत म्हणून मी मोठीच ठेवते. नऊ दिवसांत पहिल्यांदा बोलली. म्हणते, सरक, मलाही लिहायचं आहे. तिला टाइप करता येत नाही. ती बोलते, मी उमटवते, मधे माझा एकही शब्द नाही.

नसीफ, मी आई. तुम्ही दोघं पुरे करा. मी बहिरी झाले, मेलेली नाही. दोघंही माझ्या नावाने भांडता, आणि मला कोणी विचारत नाही, तूही नाही आणि हीसुद्धा नाही.

तुला वाटतं खुर्ची तुझ्या फोनने आली. हिलाही तसंच वाटतं, म्हणून जळते आहे. अरे, झावळ्यांचा रविवार मी काय पहिल्यांदा पाहिला? खांबांना काळं कापड चढलं ते दिसलं नाही होय मला? पुढच्या बायकांच्या माना खाली गेल्या, अबूनांचं तोंड पडलं, ते कळलं नाही होय? अंत्यप्रार्थना सुरू झाली हे मला पक्कं माहीत होतं. लमईचं तोंड हलताना दिसत होतं, त्याची बायको हात ओढत होती, तरी मी कडवं पुरं केलं. पडद्यावर होसान्ना होतं, मी होसान्ना म्हटलं. विचारा म्हणावं त्यालाच, चूक कोणाची.

माझ्या इस्तिरचं टेबल उचललं त्या रविवारी सगळं चर्च भरलेलं होतं. एकाच्याही तोंडून आवाज निघाला नाही. म्हणून मी काढला.